देठाची बाजू

डिसेंबरातल्या एका सकाळी मी सीबीएस बसस्टँडवरून सातपूरची बस पकडली, तेव्हा माझ्या हातात जुन्या वर्तमानपत्राचं एक मोठं पुडकं होतं आणि बसायला एकच जागा होती. खिडकीशी एक तरुण बसला होता, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून. मी शेजारी बसले, तिकिटाचे पैसे काढायला एक हात मोकळा केला, आणि तेवढ्यात पुडक्याचं तोंड सुटलं. आठ-दहा पानं थेट त्याच्या मांडीवर.

मी ओशाळून सॉरी म्हटलं. त्यानं मात्र घाई केली नाही. एकेक पान उचललं, खिडकीतल्या उन्हात धरून पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "यातली एक पण भाजी खायची नाय, बरं का. कण्हेर तर अजिबात नाय."

"मी खायला नेत नाहीये."

"मग?"

"आकार दाखवायला नेतेय."

एखादा दुसरा असता तर उठून दांडीला लटकत उभा राहिला असता. हा उलट सरसावून बसला. कण्हेर, पळस, गुळवेल, आंबुशी... सगळी नावं त्यानं धडाधड सांगितली. सुरगाण्याकडचा होता. तिकडच्या पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी झाडओळख होते, असं त्याचं म्हणणं. आता मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून बसलेली. मी कशी गप्प राहीन? मीही सुरू झाले. कण्हेर म्हणजे भालाकृती पान. गुळवेल हृदयाकृती. आणि आंबुशीची ही तीन इवलीशी पानं दिसतात ना, ती व्यस्त हृदयाकृती.

"व्यस्त म्हणजे? लय कामात असलेलं?"

मला हसू आवरेना. म्हटलं, व्यस्त म्हणजे उलटं. त्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "उलटं... कशाच्या?" पण तोवर माझा स्टॉप आला होता. मी पानं कोंबली आणि उतरले. मागोमाग तोही उतरला. मी चिठ्ठीवरचा वर्कशॉपचा पत्ता त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्यानं तो वाचला, कानटोपी काढली, आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला. ज्या वर्कशॉपमध्ये मी निघाले होते, तिथल्या लेझर कटिंग मशीनवर तोच होता. कुंदन गावित त्याचं नाव.

पानांचं पुडकं घेऊन मी औद्योगिक वसाहतीत काय करत होते, ते सांगते. मी संजना पगारे. गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागात कंत्राटी सहायक. कंत्राट तीन वर्षांचं, संपणार एकतीस मार्चला. जानेवारीच्या शेवटी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि विभागाच्या बागेत काहीतरी नवीन दाखवायचं होतं. मी सुचवलं, पानांच्या आकारांची भिंत करू. लोखंडी पत्र्यातून कापलेले चोवीस आकार, प्रत्येकाला सळईचा देठ, खाली मराठी नाव. मुलांनी हात फिरवून बघावं, दंतुर कडा बोटाला कळावी. आमच्या विभागप्रमुख खैरनार मॅडमना कल्पना आवडली. त्या म्हणाल्या, भिंत चांगली झाली तर तुला पुढं ठेवून घ्यावं असं पत्र मी स्वतः लिहीन. न झाली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पप्पा मनमाडला रेल्वेत आहेत, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आणि त्या पत्रावर माझा किती जीव टांगलेला होता ते मलाच माहीत.

वर्कशॉपचे मालक कारभारीशेठ. माणूस चोख, पण तोंडानं फटकळ. त्यांनी माझी पानं लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "पानं नको ताई, ड्रॉइंग द्या. काय ते कुंदनशी बोला." झालं. मला कुंदनशी बोलायला अधिकृत परवानगीच मिळाली.

आणि मी बोलले... खूप बोलले, अगदी कंत्राटाचं आणि मॅडमच्या पत्राचंही. आठवड्यातून दोनदा ड्रॉइंग घेऊन जायचं, नमुना बघायचा, टपरीवरचा चहा प्यायचा. थंडी अशी, की हातातला कप सोडवत नसे. आत कापलेल्या लोखंडाचा उग्र वास, बाहेर ट्रकांची घरघर. आणि समोर कुंदन, प्रत्येक आकाराचं नाव ऐकून आधी भुवया उंचावणारा.

"चमसाकृती?"

"चमच्यासारखं."

"मग चमच्यासारखं म्हणा ना मॅडम. शास्त्राला काय लाज वाटती का?"

मशीनबद्दल बोलताना मात्र तो चेष्टा करत नसे. आयटीआय करून आल्यावर तीन वर्षं त्यानं पत्रे चढवले-उतरवले होते. मग एकदा जुना ऑपरेटर आला नाही म्हणून शेठनी त्याला मशीनवर उभं केलं आणि तो परत खाली उतरलाच नाही. गावी त्याच्या आईला मशीनचा व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली होती, एवढी आग हाय आणि तू जवळ उभा राहतोस? हे सांगताना त्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो मला फार आवडला. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला त्याचं बरंच काही आवडायला लागलं होतं. कानटोपीसुद्धा.

एकदा चहा पिता पिता त्यानं विचारलं, "सगळ्यांचे आकार सांगता. माझा चेहरा कुठल्या आकाराचा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं असावं, कारण तो कपात बघायला लागला. मी म्हटलं, "निदान अजून व्हायचंय."

"एवढं बघून पण?"

"नुसत्या पानावरून आम्ही नाव देत नाही. फूल यावं लागतं."

"मग... थांबतो," तो म्हणाला.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी माझा स्टॉप सोडून पुढं गेले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कटिंग झालं. दुपारी, माझं प्रॅक्टिकल चालू असताना, कुंदनचा फोन आला. देठाच्या सळया तयार आहेत, कुठं लावू? समोर चाळीस मुलं, एकाची काचपट्टी नुकतीच फुटलेली. मी घाईत म्हटलं, खाली. देठ अजून कुठं असतो? तो म्हणाला, बरं.

शनिवारी टेम्पोतून पानं आली. वर्कशॉपमधल्या लखननं आणि आणखी एकानं ती भिंतीवर चढवली. ते गेल्यावर मी नावांच्या पट्ट्या घेऊन लावायला गेले आणि पहिल्याच पानाशी थबकले. हृदयाकृती पान. आमच्या घरी बुद्धमूर्तीच्या मागं पिंपळपानाची नक्षी आहे, ते रूप मी झोपेतही ओळखीन. पिंपळाचा देठ निघतो तो खाचेतून. इथं तो टोकदार बाजूला चिकटवलेला होता. म्हणजे हृदयाकृती राहिलंच नव्हतं. ते आंबुशीचं झालं होतं. पुढं बघते तर अंडाकृती पानाला देठ निमुळत्या बाजूला. म्हणजे अंडाकृती आणि व्यस्त अंडाकृती दोन्ही पानं शेजारीशेजारी अगदी सारखी. आकार तोच असतो हो, देठ कोणत्या बाजूला आहे त्यावर नाव ठरतं. मी मोजलं. चोवीसपैकी सात पानं चुकली होती आणि समिती मंगळवारी येणार होती.

मी कारभारीशेठना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या ऑपरेटरनं माझी भिंत वाया घालवली, असंही बोलले. ऑपरेटर कोण ते मला चांगलं माहीत होतं. तरी मी त्याचं नाव न घेता 'ऑपरेटर' म्हटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

रविवारी सकाळी कुंदन आला. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, सगळं घेऊन एकटाच. माझ्याशी तुटक बोलेल असं वाटलं होतं, तर म्हणाला, थंडी लय आहे, तुम्ही उन्हात बसा. एकेक पान उतरवून त्यानं देठ कापायला घेतले. ठिणग्या उडत होत्या. मी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो मुकाट प्यायला.

हृदयाकृती पान हातात आलं तेव्हा त्यानं ते फिरवलं, खाच वर केली आणि जरा वेळ बघत राहिला.

"पिंपळाचं म्हणून सांगितलं असतं ना मॅडम... डोळे मिटून लावला असता. तुम्ही हृदयाकृती लिहिलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, उद्या पहिली शिफ्ट का? तर तो सहज म्हणाला, उद्यापासून मी लोडिंगला. मशीनवर शेठ दुसऱ्या कुणाला तरी बसवतायत. आणि त्यानं तोंडावर वेल्डिंगची काच ओढून घेतली.

बाकीची पानं कोणत्या बाजूनं जोडायची त्यावर खडूनं खूण करावी म्हणून मी माझ्याच ड्रॉइंगची फाइल उघडली. पहिला कागद पाहिला. दुसरा पाहिला. मग सगळे चोवीस पाहिले. स्वच्छ बाह्यरेषा, आकडा, नाव, मापं. एकाही पानाला मी देठ काढलेला नव्हता. देठाच्या बाजूला साधी खूणही नव्हती.

आमच्या शास्त्रात पानाचा तळ नेहमी खाली धरतात. इतका नेहमी, की तो दाखवायची गरज आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि त्यांच्या कामात पत्रा वाया जाऊ नये म्हणून सगळे नग फिरवून, कुणी आडवा, कुणी उलटा, असे एकमेकांत बसवून कापतात. हे कुंदननं मला स्क्रीनवर कौतुकानं दाखवलंही होतं. कापल्यावर पानांचा ढीग पडला, तेव्हा त्यातली कुठली बाजू 'खाली', हे कुणाला कळणार? त्यानं तर फोन करून विचारलं होतं. उत्तर कुणी दिलं होतं?

मी मान वर केली. ग्राइंडर थांबला होता. काच वर करून तो माझ्याकडेच पाहत होता. त्याला माहीत होतं. कालपासून, कदाचित शेठ त्याच्यावर ओरडत होते तेव्हापासूनच त्याला माहीत होतं. मग त्यानं काच खाली घेतली आणि पुन्हा कामाला लागला.

मी काही बोलले नाही. एकतीस मार्च, पप्पांची निवृत्ती, मॅडमचं पत्र, सगळं एकदम समोर उभं राहिलं आणि मी फाइल मिटली. दुपारी सातही पानं सरळ होऊन भिंतीवर चढली. भिंत सुरेख दिसत होती. कुंदन सामान बांधून, येतो म्हणून गेला. मला स्वतःचं तोंड बघवत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी ती फाइल घेऊन खैरनार मॅडमच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर जुळवलेली वाक्यं दारातच विसरले. उभ्याउभ्या एवढंच सांगितलं की चूक वर्कशॉपची नव्हती, माझी होती. मी देठ काढले नाहीत, विचारलं तेव्हा नीट सांगितलं नाही, वर दुसऱ्यावर ढकललं, आणि त्यापायी एका माणसाची मशीन गेली. तुम्ही पत्र लिहिणार नाही म्हणालात तरी चालेल.

मॅडमनी फाइल जवळ ओढली. एक कागद उलटला, दुसरा उलटला. चष्मा काढून पुन्हा बघितलं. मग कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची आहे?"

"तुमची, मॅडम."

"चोवीस कागदांवर?"

"हो."

"म्हणजे तीस वर्षं आकार शिकवणाऱ्या बाईलासुद्धा देठ नाही हे दिसलं नाही. मी कुणाच्या नावानं ओरडू?" त्या खुर्चीला टेकल्या आणि चक्क हसल्या. "बस आधी."

मी बसले आणि रडू फुटलं. दोन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पत्र त्यांनी शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं. ते बदलायचं कारण नाही, म्हणाल्या. फक्त पुढच्या वर्षीपासून मुलांना ड्रॉइंगमध्ये देठ काढायला लावायचा, तो धडा तू घ्यायचास. म्हणजे पुढचं वर्ष होतं तर. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं.

तिथूनच मी कारभारीशेठना फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. मग ते म्हणाले, "अहो, मग त्यानं एका शब्दानं सांगितलं का नाही मला?" शेठ स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, आणि फोन ठेवायच्या आधी कुणाला तरी मोठ्यानं सांगताना ऐकू आलं, कुंदनला बोलवा, पत्रे राहू दे म्हणावं.

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला मी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर उभी होते. मोटारसायकली भराभर निघत होत्या, लखन मला बघून ओळखीचं हसला आणि आत बोट दाखवून गेला. सगळ्यांच्या शेवटी कुंदन आला. मला पाहून त्याची पावलं मंदावली.

"राहिली का?" त्यानं विचारलं. नमस्कार नाही, काही नाही. फक्त एवढंच.

"राहिली."

तो तिथंच, फाटकाशेजारच्या कट्ट्यावर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हाताचं काळं गालांवर लागलं ते त्याला कळलंच नाही. "शेठनी मला दुपारी बोलवलं, म्हणाले मॅडमनी फोन केला. मशीनवर जा म्हणाले. मी गेलो, पण माझं लक्षच लागेना. म्हटलं, यांनी हे तिकडं पण सांगितलं असणार. गेली असणार नोकरी."

मी त्याच्या शेजारी बसले. "तुम्हाला माहीत होतं ना? ड्रॉइंगमध्ये देठ नव्हता ते?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी मशीन शेठनी कधीतरी दिलीच असती परत. माझ्यासारखं कापणारा त्यांच्याकडं नाय दुसरा. तुमची नोकरी गेली असती तर... ती कोण देणार होतं?"

मला इतकं भरून आलं की राग यायला लागला. मी म्हटलं, असं पुन्हा करायचं नाही. माझ्या चुका मला निस्तरता येतात, उशीर लागला तरी येतात. मला पाठीशी घालणारा माणूस नकोय, तोंडावर सांगणारा हवाय.

"हवाय... म्हणजे?" त्यानं हळूच विचारलं.

माझे कान तापले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत मला वेळ मिळाला. पण ट्रक काही फार लांब नव्हता.

"म्हणजे हवाय," मी म्हणाले.

"मग तोंडावर सांगतो. भिंतीचं काम संपलं. आता तुम्ही इकडं यायचं काही कारण नाय राहिलं, हे मला शनिवारपासून खातंय. मशीन गेली त्याचं एवढं नाय वाटलं. तुम्ही मला आवडता. बसमध्ये पानं सांडली तेव्हापासून आवडता." एका दमात बोलून झाल्यावर त्यानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. "चुकलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. "मलाही तू आवडतोस. फार आवडतोस, कुंदन."

मग किती तरी वेळ आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. नुसते हसत होतो, येणारेजाणारे बघत होते, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं कबूल केलं की शनिवारपासून त्याचं जेवण नीट झालेलं नाही. मीही काही फार पोटभर जेवले नव्हते. समोरच्या हॉटेलात शिरलो, हात धुतले, आणि त्यानं गाल पुसायला आरसा शोधला तेव्हा मी आईला फोन लावला.

उशीर होईल म्हणून सांगितलं. नोकरी राहिल्याचं सांगितलं. आई दीर्घ सुस्कारा टाकून म्हणाली, झालं बाई एकदाचं. तेवढ्यात मी धीर करून म्हटलं, रविवारी मी कुणाला तरी जेवायला आणतेय. आईनं कोण विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, काय काम करतो तेही सांगितलं. पलीकडून आवाज येईना. कुकरची शिट्टी झाली, ती संपली, तरी येईना. मी फोन घट्ट धरून बसले होते. समोर कुंदन, अर्धा गाल काळा, माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा.

"तिखट खातो का तो?" आईनं विचारलं.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लय.